वडिलांचा सन्मान आणि आपलें देणें

खेड्यांतील एका मंडळीच्या पंचांनीं मजपुढें एक प्रश्न ठेविला आहे. त्यांच्यांतील एक वडील येत्या सुगीनंतर पंचाहत्तर वर्षांचे होतील. गेलीं चाळीस वर्षें त्या वाडीवर कोणाचें पत्र वाचावयाचें असो, कोणाचा तंटा मिटवावयाचा असो, कोणाच्या उशाशीं रात्र काढावयाची असो, हांक गेली ती ह्याच माणसाकडे. त्यांचा सत्कार करावा असें तरुणांच्या मनांत आलें. पण पंच बसले तेव्हां तीन मतें पडलीं. एक म्हणाला, "माणसाची तोंडावर स्तुति करणें म्हणजे त्याला गर्वाच्या खड्ड्यांत लोटणें होय. त्याच्या हातून जें झालें तें देवानें करविलें." दुसरा म्हणाला, "पंचाहत्तर वर्षें जगण्यांत त्याचा पराक्रम तो कोणता? गांवाबाहेरचा वड त्याहून म्हातारा आहे." तिसरा मंडळीचा खजिना सांभाळतो. त्यानें एवढेंच विचारलें, "पैसा कोठून आणावयाचा?"

ह्या तिन्ही शंका प्रामाणिक आहेत, आणि त्यांस हंसून सोडून देणें बरें नव्हे. खजिनदाराच्या शंकेचें उत्तर सर्वांत सोपें असें मला प्रथम वाटलें. विचार करूं लागलों तों तीच सर्वांत अवघड निघाली. म्हणून ती मागें ठेवितों.

पहिल्या पंचांचें म्हणणें घ्या. स्तुति आणि कबुली ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळें चांगलीं माणसेंही ह्या बाबतींत मुकीं होऊन बसतात. "तुम्ही थोर आहां" ही स्तुति. "माझा मुलगा तापानें फणफणला होता तेव्हां पाऊस अंगावर घेऊन तुम्ही तालुक्यास गेलां व औषध आणिलें" ही कबुली. स्तुतीनें माणूस फुगण्याचा संभव आहे खरा. पण कबुलीनें कोणी फुगलेला मीं पाहिला नाहीं. उलट ती ऐकतांना म्हातारा माणूस खालीं पाहतो, आणि "तुम्हांला अजून आठवतें काय?" असें म्हणतो. जो रोज दुसऱ्याच्या विहिरीचें पाणी भरतो आणि सर्व उपकार देवाचे म्हणून विहिरीच्या धन्यास नमस्कारही करीत नाहीं, त्याच्या त्या गप्प राहण्यास नम्रता म्हणावें असें मला वाटत नाहीं. सभेंत विशेषणांचा पाऊस पाडूं नका, एकेकानें उठून एकेक आठवण सांगा, म्हणजे पहिल्या पंचांची अडचण दूर होईल.

दुसऱ्या पंचांनीं मात्र मुळावर बोट ठेविलें आहे. आपल्याकडे वडीलधारीं माणसें म्हणत असतात कीं, हे केस कांहीं उन्हानें पांढरे झाले नाहींत. पण खरोखर कित्येकांचे उन्हानेंच पांढरे झालेले असतात! नुसत्या वर्षांनीं शहाणपण येतें असें नाहीं, आणि नुसत्या वर्षांनीं सेवाही घडत नाहीं. मग आपण मान देतों तो कशाला? माणसाच्या कामाला म्हणावें, तर तो तो चाळीस वर्षांचा असतांनाच कां दिला नाहीं? आणि वर्षांना म्हणावें, तर तीं मोजून देणारा तो स्वतः नव्हे.

ह्या प्रश्नाचा विचार करितांना मला दोन माणसें आठवलीं, आणि त्यांच्या जन्मतारखा शेजारीं शेजारीं मांडल्यावर पुष्कळ उलगडा झाला.

इ. स. १८५८ च्या एप्रिल महिन्यांत, पांच दिवसांच्या अंतरानें, दोन मुलें जन्मास आलीं. १८ तारखेस कोंकणांत धोंडो केशव कर्वे, आणि २३ तारखेस रमाबाई डोंगरे, ज्यांस पुढें सर्वजण पंडिता रमाबाई म्हणून ओळखूं लागले. दोघांनीं जन्मभर एकाच कामास हात घातला. ज्या मुलींचें कुंकू पुसून त्यांस घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत बसविलें होतें, त्यांस उजेडांत आणावयाचें व विद्या द्यावयाची, हें तें काम. दोघांच्या वाटा निराळ्या होत्या, धर्म निराळे झाले. पण दार ठोठावलें तें एकाच घराचें. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवीं वारल्या, तेव्हां त्यांस चौसष्ट पुरीं होण्यास अठरा दिवस कमी होते. अण्णासाहेब कर्वे ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं वारले, तेव्हां ते एकशें चार वर्षांचे होते.

आतां १८ एप्रिल १९५८ चा दिवस डोळ्यांपुढें आणा. अण्णासाहेबांस त्या दिवशीं शंभर वर्षें पुरीं झालीं. मुंबईस ब्रेबोर्न स्टेडियमवर सोहळा झाला आणि त्यास पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आले. त्याच वर्षीं भारतरत्न ही पदवी त्यांस मिळाली. टपाल खात्यानें त्यांचें चित्र असलेलें तिकीट काढिलें, तें ते स्वतः हयात असतांना. असा मान फार थोड्यांच्या वांट्यास येतो.

पण समजा, अण्णासाहेबही १९२२ सालीं गेले असते. तोंपर्यंत हिंगण्याचा आश्रम उभा राहिला होता. १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ निघालें होतें. १९२० त विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनीं त्यास पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली होती. म्हणजे ज्या कामाबद्दल १९५८ त मान मिळाला, त्यांतील बहुतेक तेव्हांच झालें होतें. काम तेंच, माणूस तोच. फक्त पुढचीं चाळीस वर्षें नसतीं, तर तो सोहळाही नसता. मग आपल्या दुसऱ्या पंचांचें म्हणणें खरेंच ठरलें काय? राष्ट्रानें काय वर्षांनाच हार घातला?

मलाही कांहीं दिवस तसें वाटलें. पुढें मुरुडची गोष्ट मनांत आली आणि माझें मत बदललें.

मुरुड हें दापोली तालुक्यांतील समुद्रकांठचें गांव. कर्व्यांचें घर तेथलें. धोंडोपंत गरिबींत वाढले, मुंबईस जाऊन शिकवण्या करीत शिकले, १८८४ सालीं बी. ए. झाले. पोट भरूं लागतांच त्यांस आठवलें तें गांव. मिळकतीच्या रुपयामागें ठराविक पैसा चांगल्या कामासाठीं बाजूस काढावयाचा हा त्यांचा नेम, आणि गांवाच्या सुधारणेसाठीं 'मुरुड फंड' म्हणून निधि उभारण्यांत त्यांचा पुढाकार. १८९१ त त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. त्याच वर्षीं ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावयास आले. त्या काळीं बायको वारलेला पुरुष बारा वर्षांची कुमारी सहज करून आणी. कोणी कांहीं म्हणत नसे. अण्णासाहेबांनीं ठरविलें कीं, लग्न करावयाचें तर विधवेशींच. ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं गोदूबाईशीं विवाह केला. ही त्यांच्या मित्राची बहीण, बालपणींच विधवा झालेली, आणि रमाबाईंनीं मुंबईस काढिलेल्या शारदासदनाच्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींपैकीं एक. शारदासदन उघडलें ती १८८९ सालची तारीखही ११ मार्चच होती. असा हा योग.

नवीन पत्नीस घेऊन कर्वे गांवीं गेले. गांव जमला, आणि बहिष्काराचा ठराव झाला. कर्व्यांशीं व्यवहार ठेवावयाचा नाहीं; आणि भावानें त्यांस घरांत घेतलें, तर त्या घरावरही बहिष्कार. म्हणजे आईला मुलास जवळ करावयाचें तर दुसऱ्या मुलाचें घर तोडावें लागणार.

वाचकहो, हा ठराव करणारे लोक दुष्ट होते असें समजूं नका. कोणाचें छप्पर उडालें तर तींच माणसें मदतीस धांवत असतील. लहानपणीं ह्या मुलाच्या हातावर गूळखोबरेंही त्यांनींच ठेविलें असेल. आपल्यांतील पुष्कळ घरांस बहिष्कार म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. पणजोबांनीं नवी वाट धरिली त्या दिवशीं पाणवठा तुटला, सोयरीक तुटली, आणि ज्या चुलत्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली तो चुलता समोरून येतांना वाट वांकडी करूं लागला, ह्या गोष्टी आपल्याकडे अजून सांगितल्या जातात. तो चुलताही मनानें वाईट नव्हता. गांव काय म्हणेल, ह्या एका भीतीपुढें त्याची माया थिटी पडली.

१८९३ पासून १९५८ पर्यंत पासष्ट वर्षें होतात. त्या पासष्ट वर्षांत काय झालें तें पाहा. अण्णासाहेबांनीं गांवाशीं वैर धरलें नाहीं. १८९६ त त्यांनीं अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली. पुण्यांत प्लेग होता. तेव्हां १९०० सालीं शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर एक झोंपडी घालून आश्रम तेथें नेला. तेथून ते कॉलेजांत पायीं येत व सायंकाळीं पायीं परत जात. पावसाळ्यांत चिखल तुडवीत, खांद्यावर आश्रमासाठीं लागणारें सामान घेऊन. प्रथम लोक चिडले, मग हंसले, मग गप्प बसले, मग एकेकजण हळूच आपली विधवा मुलगी घेऊन येऊं लागला. आज त्या हिंगण्यास कर्वेनगर म्हणतात, आणि मुरुड आपला म्हणून कर्व्यांचें नांव अभिमानानें सांगतें.

समाजाचें मन फार हळू चालतें. घाट चढणारी भरली गाडीही त्याच्यापुढें निघून जाईल. ठराव लिहिणाऱ्यास आपली चूक दिसावयास, किंवा त्याच्या मुलास दिसावयास, किंवा नातवास दिसावयास वर्षें लागतात. आणि ज्याच्यापाशीं ती कबूल करावयाची तो माणूस तोंवर जिवंत असावा लागतो. अण्णासाहेबांस शंभर वर्षें मिळालीं तें त्यांच्या कामाचें बक्षीस नव्हतें. ती इतरांस मिळालेली मुदत होती. सावकार दाराशीं उभा नाहीं, तगादा करीत नाहीं, पण अजून जिवंत आहे. तोंवर फेडा, असें ती वर्षें सांगत होतीं. त्या दिवशींच्या हारांत पुष्कळशी फेड होती, आणि म्हणून तो हार मला लटका वाटत नाहीं.

रमाबाईंच्या बाबतींत ही मुदत मिळाली नाहीं. सरकारनें १९१९ त त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें हें खरें. परंतु ज्या महाराष्ट्रानें १८९३ सालीं त्यांच्यावर गहजब केला, त्याला त्यांच्या हयातींत आपलें मन तपासून पाहावयास अवधि पुरला नाहीं. टपाल खात्यानें त्यांच्या नांवाचें तिकीट काढिलें तें १९८९ सालीं. तेव्हां त्यांस जाऊन सदुसष्ट वर्षें झालीं होतीं. एकाच महिन्यांत जन्मलेलीं तीं दोघें. एकानें आपलें तिकीट आपल्या डोळ्यांनीं पाहिलें, दुसरीच्या नांवाचें निघालें तेव्हां केडगांवच्या तिच्या मुलींपैकीं तरी कितीजणी पाहावयास उरल्या असतील?

म्हणून दुसऱ्या पंचांस माझें सांगणें असें कीं, वर्षें हा म्हाताऱ्याचा पराक्रम नाहीं हें आपण म्हणतां तें सर्वस्वीं कबूल. पण तीं वर्षें त्याची मिळकत नसून आपल्याला मिळालेली सवड आहे, हें एकदां लक्षांत घेतलें म्हणजे पंचाहत्तरी ही मोठी तांतडीची गोष्ट होते. वडाच्या झाडाला आपण कांहीं देणें लागत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सत्कार म्हणजे निरोप, असा एक समज खेड्यांत व शहरांत सारखाच आढळतो. शाल पांघरली, आतां बाबांनीं ओट्यावर बसावें व मध्यें बोलूं नये, असा तिचा अर्थ असतो! अण्णासाहेब एकाहत्तराव्या वर्षीं, १९२९ सालीं, परदेशीं निघाले ते युरोप, अमेरिका व जपान फिरून संस्थेची हकीकत सांगत व मदत मागत आले. १९३६ त, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं ज्या खेड्यांत शाळा नाहीं अशा खेड्यांत शाळा काढण्यासाठीं मंडळ स्थापिलें. त्यांस पेन्शन सत्तर रुपये होतें. त्यांतील पंधरा रुपये दरमहा ते ह्या कामास देऊं लागले, आणि पुण्यांत दारोदार जाऊन एकेक आणा गोळा करूं लागले. पुढें १९४४ त, शहाऐंशीं वर्षांचे असतांना, माणसामाणसांतील उच्चनीच भाव जावा म्हणून समता संघ काढिला. ज्या माणसाला एका गांवानें पंक्तींतून उठविलें होतें, त्यानें म्हातारपणीं सर्वांची पंक्ति एक करण्याचें मनावर घ्यावें, ह्यांत मला फार अर्थ दिसतो.

परंतु ह्या उदाहरणाचा गैरवापरही होतो, म्हणून सावध करितों. "बघा, कर्वे ऐंशीव्या वर्षीं दारोदार हिंडत, आणि आमचे बाबा खाट सोडीत नाहींत," असें एका सुनेला बोलतांना मीं ऐकिलें आहे. ज्याचे गुडघे गेले, ज्याची नजर गेली, त्याचें काम संपलें म्हणून त्याचें देणेंही संपलें असें नाहीं. सावकार आजारी पडला म्हणजे कर्ज फिटतें काय?

आतां शतसांवत्सरिक सोहळ्याच्या त्या मांडवाकडे पुन्हां वळूं. तेथें एक माणूस नव्हतें. गोदूबाई, ज्यांस लग्नानंतर आनंदीबाई हें नांव मिळालें व लोक बाया कर्वे म्हणत, त्या १९५० सालींच वारल्या होत्या. सत्तावन वर्षांचा संसार त्यांनीं केला. अण्णासाहेब मिळेल तो पैसा आश्रमाला देत. आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही त्यांनीं आश्रमाच्या नांवें करून टाकली. पुरुषानें सर्वस्व दिलें असें चरित्रांत एका ओळींत लिहितां येतें. पण सकाळीं डबा उघडावा तों पीठ नाहीं, हें ज्या बाईनें पाहिलें तिला ती ओळ फार लांब वाटली असेल. बहिष्कार पडला तो तिच्यावरही पडला. किंबहुना, तिच्यामुळेंच पडला असें लोकांनीं तिला ऐकविलें असेल. पुढें ती स्वतःही आश्रमासाठीं वर्गणी गोळा करीत हिंडली. 'माझें पुराण' ह्या आपल्या आत्मवृत्तांत तिनें ह्या ओढाताणीविषयीं आडपडदा न ठेवितां सांगितलें आहे, आणि तें वाचून अण्णासाहेबांविषयींचा आदर कमी होत नाहीं. मात्र त्यांच्या शेजारीं आणखी एक खुर्ची मांडावीशी वाटते.

आपल्या मंडळ्यांतून काय होतें? उपदेशकाचा सत्कार होतो तेव्हां त्याची बायको मागल्या दारीं चुलीपाशीं असते. आलेल्या पाहुण्यांची पातेलीं तिलाच उतरवावयाचीं असतात. रात्रीं अपरात्रीं हांक आली तेव्हां कंदील पेटवून देणारी ती. स्वतःच्या पोरांच्या ताटांतली भाकरी अर्धी करून दाराशीं आलेल्याला देणारीही तीच. गांवानें घेतलेल्या कर्जांत निम्मी रक्कम तिच्या पेटींतून आलेली असते, आणि पावती फाटते ती नवऱ्याच्या नांवानें. ज्या मंडळीनें हा प्रश्न मला विचारला आहे तिनें त्या दिवशीं स्वैंपाक दुसऱ्या कोणाकडे तरी सोंपवावा, एवढें तरी मी आग्रहानें सांगेन.

राहिली खजिनदाराची शंका, पैसा कोठून आणावयाचा ही. ह्या बाबतींत मी उपदेश करण्यास लायक नाहीं. कां तें सांगतों.

पुष्कळ वर्षें झालीं. एका मंडळीच्या पंचांत मी होतों. आमच्या गांवच्या शाळेंत ज्या मास्तरांनीं मला मुळाक्षरें शिकविलीं, ते काम सोडून घरीं बसले तेव्हां मंडळीनें त्यांस दर सुगीला ठराविक ज्वारी व दरमहा थोडी रक्कम द्यावयाची असें ठरलें होतें. कागद झाला होता, सह्या झाल्या होत्या. पुढें लागोपाठ दोन वर्षें पाऊस गेला. आम्ही पंच बसलों आणि ज्वारी निम्मी केली. तें योग्यच होतें. सर्वांच्याच कणगी रिकाम्या होत्या, आणि मास्तरांनीं एका शब्दानें कुरकुर केली नाहीं. पण तिसऱ्या वर्षीं पाऊस आला, चौथ्या वर्षीं चांगला आला, आणि निम्मी केलेली ज्वारी निम्मीच राहिली. कोणी मुद्दाम ठेविली नाहीं. कोणी विषय काढिला नाहीं, इतकेंच. मास्तर मागावयास आले नाहींत, आणि न मागणाऱ्याची आठवण पंचांस होत नाहीं.

मग त्यांचें पंचाहत्तरावें वर्ष आलें. आम्ही मोठ्या उत्साहानें वर्गणी केली. शाल आणिली, नारळ आणिला, तालुक्याहून फोटोग्राफर आणिला. भाषण मीं केलें. अर्धा तास केलें, आणि तें चांगलें झालें असें पुष्कळांनीं मला सांगितलें. मास्तरांनीं हार गळ्यांत घेतला, क्षणभर ठेविला, मग काढून मागें वळून पाहिलें. त्यांची मंडळी बायकांच्या शेवटच्या रांगेंत बसली होती. ते उठले, सावकाश तिथपर्यंत चालत गेले, आणि हार तिच्या मांडीवर ठेवून परत येऊन बसले. सभेंत कोणी टाळी वाजविली नाहीं; वाजवावी कीं नाहीं हें कोणास समजलें नाहीं.

रात्रीं घरीं आल्यावर मीं वर्गणीचा हिशेब लिहावयास घेतला. शालीचा आंकडा मांडला आणि सहज दुसऱ्या बाजूस मास्तरांच्या थकलेल्या ज्वारीचा आंकडा मांडून पाहिला. शाल, फोटो व जेवण मिळून जो खर्च झाला होता, त्यांत त्यांची जवळजवळ दोन वर्षांची ज्वारी आली असती. शास्त्रांत अशा लोकांची गोष्ट आहे, जे आईबापांस द्यावयाचें तें देवाला वाहिलें म्हणून सांगत, आणि आईबापांस रिकाम्या हातीं ठेवीत. ती गोष्ट मीं लहान मुलांस कित्येकदां शिकविली होती, आणि ती परुश्यांविषयीं आहे असेंच मी समजत होतों.

म्हणून खजिनदार बंधूंस माझी विनंती इतकीच कीं, सत्काराची वर्गणी करण्याआधीं जुनें पंचाचें पुस्तक काढून पाहावें. ज्यांचा सत्कार करावयाचा त्यांच्या नांवापुढें कांहीं लिहावयाचें राहिलें आहे काय, कांहीं कबूल करून दिलें नाहीं असें आहे काय, त्यांच्याविरुद्ध कधीं एखादा ठराव करून तो तसाच ठेविला आहे काय, तें तपासावें. पैसा थोडा असला तर तो आधीं तिकडे जावा. कांहीं निघालें नाहीं तर फार उत्तम. मग हार रानांतल्या फुलांचा केला तरी चालेल. आणि सभा मात्र जरूर करावी. पुस्तकांत न लिहिलेलें देणें फार असतें, आणि तें सर्वांदेखत तोंडानें बोलून दाखविल्यावांचून फिटावयास सुरुवातही होत नाहीं.

आमच्या मास्तरांचें काय झालें तें सांगून थांबतों. पुढच्या पंचांच्या बैठकींत मीं तो विषय काढिला. कोणी विरोध केला नाहीं. दोघेतिघे नुसते जमिनीकडे पाहत राहिले. थकलेली ज्वारी गाडींत घालून मी व आणखी एकजण त्यांच्या दारीं गेलों. मला वाटलें होतें, ते नको म्हणतील, किंवा डोळ्यांत पाणी आणतील, आणि मी कांहीं तरी बोलेन. मीं वाटेंत वाक्यही जुळवून ठेविलें होतें. मास्तर ओट्यावर बसले होते. त्यांनीं गाडीकडे पाहिलें, मजकडे पाहिलें, आणि आंत हांक मारून पायली मागविली. मग मजसमोर बसून एकेक पोतें सोडून त्यांनीं सर्व ज्वारी मोजून घेतली. दुपार कलली. शेवटीं दोन पायल्या जास्त भरल्या. त्या त्यांनीं आमच्या रिकाम्या पोत्यांत घातल्या, पोत्याचें तोंड स्वतः बांधिलें, आणि म्हणाले, "ह्या मंडळीच्या आहेत. परत घेऊन जा, आणि पुस्तकांत नीट लिही."